मे महिन्याचा रकाना

डेटा सेंटरसाठी जगातली कोणती शहरे सर्वांत चांगली, याच्या याद्या दरवर्षी निघतात. मालमत्तेच्या व्यवहारातल्या मोठ्या सल्लागार कंपन्या त्या काढतात आणि गुंतवणूकदार, मंत्रालये, उद्योग विभाग त्या मन लावून वाचतात. रकाने बहुतेक ठरलेले असतात: वीज किती आणि काय भावाने, समुद्राखालच्या किती केबल जवळ उतरतात, जमीन केवढ्याला, करात सूट किती, पूर-भूकंपाचा धोका कितपत, मंजुरी किती दिवसांत. प्रत्येक रकान्याला गुण मिळतात, बेरीज होते आणि शहरांचा क्रम लागतो.

या याद्यांची दोन गृहीतके मला मान्य नाहीत. त्यांचे एकक शहर आहे आणि त्यांचे माप वर्षाची सरासरी. आपल्याकडे पाणी आणि वीज शहरागणिक वाटली जात नाही, ती खोऱ्याची आणि तालुक्याची असते. आणि सरासरीच्या वर्षात आपण कोणी राहत नाही. आपण जानेवारीत राहतो, मे महिन्यात राहतो. जागेची लायकी ठरवायची तर सर्वांत वाईट महिना धरून, आणि ज्या तालुक्याच्या जमिनीतून पाणी निघणार त्या तालुक्यात उभे राहून ठरवली पाहिजे. मी हे मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांसंदर्भात लिहितो आहे. हा लेख कुठल्या घोषणेवर लिहिलेला नाही. घोषणा झाल्यावर लिहिण्याला फारसा अर्थ उरत नाही, म्हणून आधी लिहितो.

आधी जगात काय झाले ते पाहू. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या लाउडन काउंटीतले अ‍ॅशबर्न हे या धंद्याचे सर्वांत मोठे ठाणे. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात तिथे केबलचे जाळे एकवटले, त्याभोवती इमारती उभ्या राहिल्या, आणि इमारती आहेत म्हणून आणखी इमारती आल्या. युरोपात डब्लिनने हेच केले. थंड हवा, कमी कर, इंग्रजी बोलणारे मनुष्यबळ, अमेरिकी कंपन्यांची युरोपातली मुख्यालये, असे सगळे रकाने भरलेले. २०१५ साली आयर्लंडच्या मोजलेल्या विजेपैकी ५ टक्के वीज डेटा सेंटरे वापरत होती. २०२३ साली तो आकडा २१ टक्क्यांवर गेला आणि त्या देशातल्या शहरांतल्या सगळ्या घरांच्या एकत्रित वापराच्याही पुढे निघाला. डब्लिन परिसरात २०२८ पर्यंत नव्या डेटा सेंटरना जोडणी मिळणे अवघड, असे वीज वाहिन्या सांभाळणाऱ्या कंपनीला सांगावे लागले. सिंगापूरने २०१९ साली नव्या केंद्रांना थांबवले आणि २०२२ नंतर कडक अटी घालून थोडी दारे उघडली. अ‍ॅमस्टरडॅमनेही २०१९ मध्ये वर्षभर मनाई केली. यातले प्रत्येक शहर त्याआधी याद्यांच्या वरच्या टोकाला होते. शहराने काय द्यायचे हे यादीला ठाऊक होते. शहर कुठे आटेल, हे तिने विचारले नव्हते.

मला सर्वांत बोलके वाटते ते उदाहरण शहराचे नाहीच, गावाचे आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात कोलंबिया नदीकाठी द डॅलेस नावाचे छोटे गाव आहे. धरणांची स्वस्त वीज म्हणून गूगलने २००६ साली तिथे पहिले केंद्र सुरू केले. केंद्र किती पाणी पिते हे एका वृत्तपत्राने विचारले, तर हा व्यापारी गुपिताचा विषय आहे असे सांगून नगर प्रशासनच त्या वृत्तपत्राविरुद्ध न्यायालयात गेले. वर्षभराच्या वादानंतर आकडा बाहेर आला: २०२१ साली गावाच्या एकूण पाण्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी त्या केंद्राला गेले होते. नदीकाठचे गाव, श्रीमंत देश, जागरूक वृत्तपत्र, तरीही गावाला आपल्याच नळाचा हिशेब कोर्टकचेरी झाल्यावर कळला. पांढुर्ण्याची तुलना करायची तर ती अ‍ॅशबर्नशी करून उपयोग नाही, द डॅलेसशी केली पाहिजे.

भारतात हा धंदा अजून समुद्रकाठी आहे. देशातली सर्वाधिक क्षमता मुंबई-नवी मुंबईत एकवटली आहे: ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल. कारण उघड आहे. केबल तिथे उतरतात, बँका आणि शेअर बाजार तिथे आहेत, आणि २०१८ साली रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची माहिती देशातच साठवण्याचे बंधन घातल्यावर मागणी एकदम वाढली. त्यामागून चेन्नई, हैदराबाद, नोएडा. २०२२ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणमसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरची घोषणा केली. पण किनाऱ्याची जमीन महाग झाली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली तेव्हा एकाच शहरावर सगळा भार टाकण्याचा धोका दिसला, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव कोरडे पडले तेव्हा पाण्याचा.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे गणित आणखी बदलले आहे. शेअर बाजाराच्या सौद्याला मिलिसेकंदही मोजावा लागतो, त्यामुळे यंत्र बाजाराच्या जवळ हवे. भाषेची प्रचंड मॉडेल शिकवणाऱ्या यंत्रांना तशी घाई नसते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पांढुर्ण्याहून मुंबई साधारण आठशे किलोमीटर धरली तर निरोप जाऊन परत यायला आठ मिलिसेकंद लागतात, तार वळणावळणाने गेली तर थोडे अधिक. त्या कामाला हे अंतर म्हणजे काहीच नाही. म्हणून केबल, बंदर आणि विमानतळ यांच्यापासून दूर असलेली, आजवर कोणाच्या खिजगणतीत नसलेली ठिकाणे आता यादीत येऊ लागली आहेत. छत्तीसगडमध्ये नवा रायपूरला अशा केंद्राचे भूमिपूजन २०२५ मध्ये झाले. तिथून नागपूर लांब नाही, आणि नागपूरहून सौंसर तर सव्वा-दीड तासावर.

आमच्या भागाची बाजू मांडायची तर ती दुबळी नाही. दिल्ली-चेन्नई हा देशाचा मुख्य रेल्वेमार्ग पांढुर्ण्यातून जातो, आणि रेल्वेच्या कडेने तारा टाकणे सोपे असते. नागपूर-बैतूल महामार्ग गावाला लागून आहे. चक्रीवादळ नाही, समुद्राचे खारे वारे नाहीत. एका बाजूला कोराडी-खापरखेडा, दुसऱ्या बाजूला सारणी, म्हणजे वीजनिर्मिती दोन्ही हातांना आहे. सौंसर तालुक्यात बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आहे, तिथे १९९१ पासून रेमंडची कापड गिरणी चालते. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, आणि नव्या जिल्ह्याला नवे उद्योग हवेच असतात. एरवी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमारीची दगडफेक झाली की तेवढ्यापुरते आमचे नाव वर्तमानपत्रात येते. या मातीतल्या पोरांना कामासाठी नागपूर-पुण्याला जावे लागू नये, ही इच्छा मलाही आहे. म्हणूनच हे प्रकरण नीट मोजले पाहिजे असे मी म्हणतो.

मोजायला कूलरपासून सुरुवात करू. आमच्याकडे एप्रिल लागला की घरोघर खिडकीला कूलर बसतो. पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, खाली टाकी, टाकीत छोटा पंप. पंप ताट्या ओल्या ठेवतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा हा कूलर सर्वांत छान चालतो, कारण हवा कोरडी असते. पण त्याच महिन्यात टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते. जूनमध्ये ढग आले की तोच कूलर घरात नुसता दमटपणा करतो. डेटा सेंटरांत यंत्रे थंड ठेवण्याची जी स्वस्त पद्धत आहे, बाष्पीभवनाची, ती नेमकी हीच. मुंबईच्या दमट हवेत ती फारशी चालत नाही. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालेल, विजेची बचत करील, आणि ती बचत ज्या पाण्यातून होईल ते मे महिन्याचे पाणी असेल.

आकडा काढू. लॉरेन्स बर्कले या अमेरिकी प्रयोगशाळेने २०१६ च्या अहवालात डेटा सेंटरच्या जागेवरचा पाण्याचा खर्च सरासरी दर युनिट विजेमागे १.८ लिटर धरला होता. समजा ५० मेगावॉटचे केंद्र आहे. आजच्या मानाने हे मध्यम आकाराचे. दिवसाला १२ लाख युनिट, म्हणजे साडेएकवीस लाख लिटर पाणी. मोठ्या संत्र्याच्या झाडाला मे महिन्यात ठिबकने दिवसाला दीडशे लिटर धरले तर हे साधारण चौदा हजार झाडांचे पाणी झाले. एकरी शंभर-सव्वाशे झाडे या हिशेबाने एकशेदहा ते एकशेचाळीस एकर बगीचा.

हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, एवढेच ना? खरेच, दोन तालुक्यांतल्या एकूण संत्र्याच्या मानाने तो मोठा नाही, आणि मी तो फुगवून सांगणार नाही. एक मोठे केंद्र म्हणजे तालुका वाळवंट, अशी भीती घालणारे लोक उद्या कंपनीचे काम सोपे करतात, कारण ती भीती खोटी पाडणे सोपे असते. खरी अडचण वेगळी आहे. संत्र्याच्या झाडाला ताण देता येतो. मृग बहार घेणारा शेतकरी उन्हाळ्यात पाणी तोडतो, झाडाला विसावा देतो, पावसावर फूल येते. ज्याने आंबिया बहार धरला आहे त्याला मात्र एप्रिल-मेमध्ये बोराएवढ्या फळाला पाणी द्यावेच लागते, नाहीतर फळगळ होते आणि वर्ष हातचे जाते. म्हणजे पाणी कमी असेल त्या वर्षी शेतकऱ्यापुढे निदान निवड असते: बहार बदलायचा, निम्मा बगीचा सोडायचा, फळ उतरवून झाड वाचवायचे. यंत्राला ताण देता येत नाही. ते चोवीस तास, बाराही महिने, आणि नेमके सर्वांत गरम दिवशी सर्वांत जास्त पाणी मागते. एका जागी, एका पाइपाने, करारात लिहिलेल्या हक्काने. त्याच दिवशी शेजारच्या वावरातला माणूस बोअरमध्ये आणखी दोन पाइप सोडून पाहत असतो. बोअरला पाणी लागले नाही तर त्याच्याकडे करार नसतो.

शेजारच्या वरूड तालुक्यात काय झाले ते आमच्या डोळ्यांसमोर आहे. संत्रा पिकवता पिकवता तिथे भूजलाचा इतका उपसा झाला की सरकारला नव्या बोअरवर बंधने आणावी लागली. तोच पट्टा, तेच पीक, मध्ये फक्त राज्याची सीमा.

यावर कंपन्यांचे उत्तर तयार असते, आणि ते खोटेही नसते. आता पाण्याशिवाय थंड करण्याच्या बंद चक्राच्या पद्धती आहेत. बाष्पीभवन नाही, एकदा भरलेले द्रव फिरत राहते. मान्य. पण मग पंचेचाळीस अंशाच्या हवेत उष्णता फेकायला वीज जास्त लागते. ती वीज कुठून येणार? ५ अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट. एक मेगावॉट म्हणजे अशा २६८ मोटरी एकाच वेळी चालू. ५० मेगावॉट म्हणजे तेरा हजारांवर मोटरी, रात्रंदिवस, एकही बंद न होता. शेतीला थ्री फेज दिवसातले ठरावीक तास मिळते आणि त्यातले काही रात्रीचे असतात, थंडीत दोन वाजता उठून पाणी द्यायला जावे लागते. फीडरवर भार आला की आधी कोणाची लाइन उतरते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

शिवाय ही वीज कोळशाची असेल तर सगळे पाणी वाचलेले नसते, त्यातले काही फक्त दुसऱ्या गावचे खर्च होते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेने कूलिंग टॉवरवाल्या जुन्या औष्णिक केंद्रांना दर युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरण्याची मर्यादा घातली. मर्यादा साडेतीन लिटरची, म्हणजे पद्धतशीर चालवलेल्या केंद्रालाही बाष्पीभवनाच्या डेटा सेंटरहून जास्त पाणी लागू शकते. सौंसरला पाणी वापरले नाही म्हणून पाठ थोपटून घ्यायची आणि सारणीला किंवा कोराडीला जास्तीचे वापरायचे, हे पर्यावरणपूरक कसे? सौर ऊर्जेचा रस्ता खरा आहे, मध्य प्रदेशाने रीवाला ७५० मेगावॉटचा प्रकल्प उभारून तो दाखवलाही आहे, पण सूर्य मावळल्यावर लागणारी वीज साठवण्याचा खर्च कंपनीने स्वतः उचलला तरच तो खरा.

कोराडीचे नाव आले म्हणून एक चांगली गोष्टही सांगायला हवी. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांना नागपूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी दिले जाते. देशात अशा वापराचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे. यंत्र थंड करायला नळाचे किंवा विहिरीचे पाणी लागतेच असे नाही, हे आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत सिद्ध झाले आहे. मग पांढुर्ण्यात तेच का करू नये? २०११ च्या जनगणनेत पांढुर्णा शहराची लोकसंख्या सुमारे ४५ हजार होती. माणशी शंभर लिटर आणि त्यातले ऐंशी टक्के सांडपाणी धरले तर दिवसाला ३६ लाख लिटर. ५० मेगावॉटच्या केंद्राची सरासरी गरज त्यात बसते, अट एकच: सगळ्या गावाच्या गटारी जोडलेल्या हव्यात, शुद्धीकरण केंद्र हवे आणि ते बारा महिने चालायला हवे. हे काम कंपनीच्या पैशाने आधी झाले तर गावाला गटार मिळेल आणि जाम नदी स्वच्छ होईल. असा सौदा मी दोन्ही हातांनी स्वीकारीन. तो मागण्याची ताकद आपल्यात आहे का, एवढाच प्रश्न.

पाण्याबद्दल आणखी एक, कारण शहर हे एकक चुकीचे आहे असे मी म्हणालो त्याचे हे थेट प्रमाण आहे. जाम नदी कन्हानला मिळते, पेंचही कन्हानलाच मिळते, आणि नागपूर पेंच व कन्हानवर जगते. छिंदवाडा जिल्ह्यात चौरईजवळ पेंचवर माचागोऱ्याचे धरण झाले, वरचे पाणी वर अडले, आणि पुढे २०१९ च्या जुलैमध्ये कमी पावसाच्या जोडीने नागपूरला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले. धरण बांधणाऱ्या राज्याची चूक नव्हती, त्याच्या हिश्शाचे पाणी होते. पण नागपूर डेटा सेंटरसाठी कसे शहर आहे, असे विचारून गुण देणाऱ्या यादीत चौरई, सौंसर, पांढुर्णा ही नावे येतच नाहीत. आणि सौंसरला गुण देणारी यादी कोणी केली तर तिच्यात कामठी-नागपूरचा नळ येणार नाही. नदीला राज्याची सीमा कळत नाही. १९५६ मध्ये ती सीमा आमच्या आणि नागपूरच्या मधून गेली, तेव्हापासून आमचा बाजार नागपूरचा आणि आमचा निर्णय भोपाळचा. या विषयात तरी दोन्ही राज्यांनी एका खोऱ्याचा एक हिशेब मांडायला हवा.

नोकऱ्यांवर फार शब्द खर्च करत नाही. बांधकाम चालते तोवर माणसे लागतात. नंतर चोवीस तास चालणाऱ्या मोठ्या इमारतीला विजेचे, वातानुकूलनाचे तंत्रज्ञ आणि पहारेकरी, अशी मोजकीच माणसे पुरतात. कापड गिरणीशी किंवा जिनिंगशी तिची तुलना होऊ शकत नाही. फायदा असेल तर तो करात आहे. लाउडन काउंटी डेटा सेंटरांमुळे श्रीमंत झाली ती आतल्या संगणकांवर तिने स्वतः कर लावला म्हणून. आपल्याकडची धोरणे उलट्या दिशेने जातात: मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ, जमीन सवलतीत. जे गावाला मिळू शकले असते तेच आधी सोडायचे आणि वर विकासाची पाटी लावायची. सवलत द्यायचीच तर राज्याने आपल्या हिश्शातून द्यावी, ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या हिश्शाला हात लावू नये.

आता कायद्याची गोष्ट, जी फार थोड्या लोकांना ठाऊक आहे आणि जिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत खाणी आहेत, सिमेंट आहे, औष्णिक केंद्रे आहेत, पण डेटा सेंटर असा वेगळा प्रकार नाही. ते बांधकाम प्रकल्प म्हणून पाहिले जाते, मॉल आणि निवासी संकुलासारखे. आणि बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. आमच्या भागात मँगनीजची खाण काढायची तर मंडप टाकून लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. पन्नास मेगावॉट वीज आणि दिवसाला वीस लाख लिटर पाणी मागणाऱ्या इमारतीला ते बंधन नाही. ही पळवाट कोणी मुद्दाम ठेवली असे मी म्हणत नाही. २००६ मध्ये अशा इमारती डोळ्यांसमोर नव्हत्या. आज आहेत. तेव्हा ठरावीक मेगावॉटच्या वरचे प्रत्येक डेटा सेंटर वेगळ्या प्रकारात घालून त्याची जनसुनावणी सक्तीची करावी, ही पहिली मागणी.

ती सुनावणी तालुक्याच्या गावी व्हावी आणि कागद हिंदीबरोबर मराठीतही मिळावेत. इथल्या घराघरांत मराठी बोलली जाते. दोनशे पानांचा इंग्रजी अहवाल आणि त्याचा चार पानी हिंदी गोषवारा, एवढ्यावर तीगावच्या किंवा पिपळा नारायणवारच्या शेतकऱ्याने काय विचारायचे? अहवालात पाण्याची सरासरी नको, महिन्यागणिक आकडा हवा, एप्रिल आणि मे वेगळे दाखवलेले. पाइपावरच्या मीटरचा आकडा दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लागावा आणि त्याला व्यापारी गुपित म्हणता येणार नाही, असे करारातच लिहून घ्यावे. जनरेटर किती, त्यांचे डिझेल किती, चाचणी कोणत्या वेळी, हेही त्याच फलकावर असावे. दुष्काळ जाहीर झाला तर कोणाचे पाणी आधी कमी होणार, याचा क्रम आजच ठरवावा: पिण्याचे शेवटी, त्याआधी गुरांचे, त्याआधी उभ्या झाडांचे, आणि यंत्रांचे सर्वांत आधी.

बोरगावमध्ये किंवा पांढुर्ण्याच्या बाहेर जमीन वाटली जाण्याआधी एक काम मात्र कोणाचीही परवानगी न घेता करता येईल. पंचायतीने आपल्या गावातल्या चार-पाच जुन्या विहिरी आणि बोअर निवडाव्यात, दर महिन्याच्या एका तारखेला दोरी सोडून पाण्याची पातळी मोजावी, आणि ती वहीत लिहून ग्रामसभेत वाचावी. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतील. तीन उन्हाळ्यांची अशी वही हातात असली तर भोपाळच्या टेबलावर आमच्या बाजूनेही एक आकडा ठेवता येईल. ही मोजणी येत्या मे महिन्यात सुरू झाली पाहिजे.